राजदूताची नोकरी

जुन्या वस्तूंच्या शौकिनांच्या दोन जाती असतात. एक जात वस्तू पुसते, दुसरी वापरते. पहिल्या जातीच्या घरी ग्रामोफोन असतो आणि त्याच्या झाकणावर फुलदाणी असते. घंगाळ असते आणि त्यात छत्र्या असतात. दुसऱ्या जातीच्या घरी आजीचा खलबत्ता असतो आणि त्यात आजही लसूण कुटला जातो. दोन्ही जाती आपापल्या जागी थोर आहेत. परंतु मोटारसायकलीच्या बाबतीत मी दुसऱ्या जातीचा, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे; म्हणजे पुढे वाचकांची फसगत व्हायची नाही.

गेल्या दिवाळीत याच पानावर मी घड्याळे दुरुस्त करणाऱ्यांविषयी लिहिले होते. त्यात ओघाने माझ्या राजदूत मोटारसायकलीचा उल्लेख आला, आणि मग पत्रे आली ती घड्याळांविषयी नव्हेत, राजदूतविषयी! बहुतेकांचा प्रश्न एकच : "असली जुनी गाडी ठेवणे आपल्यासारख्या पगारदाराला परवडते का हो?" एका वाक्यात उत्तर द्यायचे तर, पैशाने परवडते. बाकीचा हिशेब जरा लांबचा आहे, तोच आज मांडतो.

माझी गाडी १९७१ सालची राजदूत १७५. १७५ हे नावापुरते. सिलिंडर एकच आणि तो १७३ सी.सी.चा. इंजिन टू-स्ट्रोक, गिअर तीन, ब्रेक दोन्ही चाकांना ड्रमचे. बटण दाबून सुरू होण्याची कला तिला कोणी शिकवलेली नाही. ती मी कोल्हापुरात चालवतो : कळंब्याहून शहरातल्या शाळेत आणि शाळेतून परत, रोजचे बारा किलोमीटर.

हिचे कुळ मात्र बरेच दूरचे आहे. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्याने १९६०च्या दशकाच्या आरंभी ही गाडी काढली, ती पोलंडमधल्या किएल्त्से शहरच्या एस.एच.एल. एम-११ या गाडीवरून. आता, आम्हां कोल्हापूरकरांना पोलंड अगदीच परके नाही. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बायका-मुलेच जास्त, १९४३ ते १९४८ या काळात शहराजवळच्या वळिवड्याला राहून गेले. ते गेले आणि दीड दशकाने त्यांच्या देशची मोटारसायकल 'राजदूत' हे नाव घेऊन हिंदुस्थानात आली. योगायोगच म्हणायचा, पण नाव ठेवणाऱ्याने मोठे चपखल ठेवले.

राजदूत म्हटले की कोट, टोपी आणि मेजवान्या डोळ्यांपुढे येतात. हिच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. त्या काळी मद्रासला एनफिल्ड तयार होई आणि म्हैसूरला जावा. एनफिल्डवर फौजदार बसत, जावावर कॉलेजकुमार. आणि राजदूतवर दूधवाले, ग्रामसेवक, प्राथमिक शिक्षक, पशुवैद्य. १९७३ सालच्या 'बॉबी' चित्रपटात ऋषी कपूर आणि डिंपल जिच्यावरून पळाले ती हिची धाकटी बहीण, राजदूत जी.टी.एस. धाकटीला गाणी मिळाली, थोरलीच्या पाठीशी दुधाचे कॅन लटकले. पुढे १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली. ती फोर-स्ट्रोक, पेट्रोल वास घेतल्यासारखे प्यायची. तेव्हापासून हिशेबी माणूस राजदूतवरून उतरू लागला, आणि विसाव्या शतकाबरोबर तिचे दिवसही सरले.

माझ्याकडे ती २०१२ साली आली. करवीर तालुक्यातल्या एका दूधवाल्याने तिच्यावर उभी हयात कॅन वाहिले होते. त्याच्या मुलाने टेम्पो घेतला आणि गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली. अकरा हजारांना सौदा झाला. त्यावर चौदा हजार खर्च झाले : बोअर-पिस्टन, क्रँकचे बेअरिंग, क्लच प्लेटा, वायरिंग, दोन टायर. म्हणजे पंचवीस हजारांत गाडी रस्त्यावर आली. आज साधी नवी मोटारसायकल घ्यायची तर पाऊण लाख ते लाख मोजावे लागतात. येथवर ऐकून काही वाचक खुर्चीवरून उठून चपला शोधू लागतील. त्यांनी क्षणभर बसावे.

महिन्याला माझे तीनशे किलोमीटर होतात. ही लिटरला पस्तीस देते. नवी गाडी सहज साठ देईल. म्हणजे नवीला पाच लिटर लागेल तिथे हिला साडेआठ. शिवाय पेट्रोलात ऑइल घालावे लागते, लिटरला चाळीस मिलि, म्हणजे महिन्याला साडेतीनशे मिलिच्या आसपास. सगळे मिळून नव्या गाडीपेक्षा महिना पाचशे रुपये जास्त जातात, वर्षाचे सहा हजार. दुरुस्ती-देखभाल वर्षाला तीन-चार हजार. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करून घ्यायची असते. जुन्या दुचाकीसाठी तिचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून तीनशेचे हजार झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्या दुचाकीला दोन हजार ठरले. वर पर्यावरण कर निराळा, विमा निराळा, धुराचा दाखला निराळा. थोडक्यात, घेताना वाचलेले पैसे ती हळूहळू परत मागते. पण हप्त्याने मागते, आणि त्या हप्त्याला व्याज नाही. आमच्या सौ. घरचा जमाखर्च लिहितात, त्यांनीही हा हिशेब तपासून पाहिला आहे. त्यांची तक्रार पैशाची नाहीच. त्या म्हणतात, "तुम्ही घरी येण्याआधी तुमचा वास येतो."

तो वास खरा आहे, आणि त्याचे कारणही सांगायला हवे. हिच्या टू-स्ट्रोक इंजिनात वेगळी ऑइलची टाकी नसते. क्रँक, बेअरिंग, पिस्टन या सर्वांना वंगण मिळते ते पेट्रोलात कालवलेल्या ऑइलचे. ते ऑइल पेट्रोलाबरोबर जळते आणि धूर होतो. त्यातच सिलिंडरमधला जळका वायू बाहेर ढकलताना थोडे ताजे मिश्रणही न जळता त्याच्यामागून निघून जाते. हिची भूक मोठी आणि धूर जास्त, तो यामुळे. म्हणून हिच्यावर प्रेम असले तरी रस्त्यावर सगळ्या राजदूतच असाव्यात असे मी म्हणणार नाही. शहरात अशी एखादीच असावी, आणि तिच्या मालकाने ऑइल मापून घालावे. "जास्त घातले की इंजिन जास्त टिकते," असे सांगणारे भेटतात. त्याने फक्त प्लग काळा होतो आणि मागचा सायकलवाला शिव्या देतो. एकेकाळी पेट्रोलपंपावर ऑइलचा वेगळा हातपंप असे. आता बाटली आणि मापाचे भांडे डिकीत बाळगावे लागते.

वंगणाची ही तऱ्हा कळली की गाडी चालवण्याची रीतही बदलते. पन्हाळ्यावरून उतरताना नव्या गाडीवाला अॅक्सिलेटर बंद करून खुशाल घरंगळत येतो. राजदूतवाल्याने तसे करायचे नाही. अॅक्सिलेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद. आणि चाक तर इंजिनाला फिरवतच असते. कोरडे इंजिन मग पकडते. म्हणून उतारावर मधूनमधून क्लच दाबून अॅक्सिलेटरची एक मूठ द्यावी. सकाळचीही एक रीत आहे. कॉक उघडायचा, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येऊ द्यायचे, दोन किका कोऱ्या मारायच्या, मग चावी लावून तिसरी मनापासून. थंडीच्या दिवसांत चौथी, पाचवी. सहावीला शेजारी खिडकीत येतात.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. या गाडीचा खरा मालक मी नव्हे, आमचे मेस्त्री आहेत. शिवाजी उद्यमनगरात त्यांचे दुकान आहे. दुकान कसले, दहा बाय बाराचा पत्रा. वय सत्तरीच्या पुढे. कोल्हापूरचे उद्यमनगर ज्यांनी पाहिले नसेल त्यांना सांगतो : तिथे लेथ मशीनवर माणसे लोखंडाला हवा तो आकार देतात. राजदूतचा एखादा बुश बाजारात मिळेनासा झाला तर मेस्त्री झिजलेला बुश खिशात घालून चार दुकाने ओलांडतात आणि चहा निवायच्या आत नवा कातून आणतात. जुनी गाडी परवडते ती अशा शेजारामुळे. जिथे असा शेजार नाही त्या गावी हा नाद करू नये.

मेस्त्री पहिल्यांदा मला म्हणाले ते वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे : "सर, गाडी म्हातारी झाली म्हणून मरत न्हाई, बसून ऱ्हायली म्हणून मरती." तेव्हा मला वाटले, हे तत्त्वज्ञान झाले. पुढे कळले की ही शुद्ध यंत्रविद्या आहे. गाडी उभी राहिली की रबराची सीले सुकतात आणि चिरतात. क्रँकच्या बेअरिंगवरचा ऑइलचा पापुद्रा उतरतो आणि पावसाळ्याची दमट हवा तिथे गंज धरते. कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि त्याचा चिकट थर जेटचे भोक बुजवतो. पॉइंटवर करपा चढतो. रोज बारा किलोमीटर धावणाऱ्या गाडीला यातले काही फारसे होत नाही.

आणि आता तर यात आमच्या उसाचीही भर पडली आहे! पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली दहा टक्के झाले आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉलचा एक भाग उसापासून निघतो. तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातला ऊस आता गुळात, साखरेत आणि माझ्या टाकीतही असतो. उसाच्या गावी राहून उसाविरुद्ध बोलण्याची माझी प्राज्ञा नाही. पण इथेनॉलचा स्वभाव सांगितला पाहिजे. तो हवेतले पाणी ओढून घेतो. टाकी महिनोन् महिने तशीच राहिली आणि पाणी फार झाले, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात, पेट्रोल वर राहते. आपण घातलेले ऑइल पेट्रोलाबरोबर वरच! कॉक तळाला. मग किक मारल्यावर इंजिनात जाते ते वंगणावाचूनचे पाणचट मिश्रण. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात. मेस्त्रींनी पेट्रोलची नळी आणि वायसर बदलून इथेनॉल सोसणारे बसवले, आणि मला ताकीद दिली : "टाकी भरून ठेवू नका. आठवड्याचं आठवड्याला घाला, आणि संपवा."

ज्यांना अशी गाडी घ्यायची असेल त्यांच्यासाठी येथेच चार गोष्टी सांगून घेतो. प्रथम कागद पाहावेत, मग रंग. चासीवरचा आणि इंजिनावरचा नंबर आर.सी. बुकाशी जुळला पाहिजे, आणि पुस्तकावर ज्याचे नाव तो किंवा त्याचा वारस सहीला समोर हवा. इंजिन आधीच गरम करून ठेवलेली गाडी पाहू नये. थंड गाडी आपल्या पायाने सुरू करावी. चकचकीत क्रोमला भुलू नये. दूधवाल्याची रोज चाललेली, पोचे पडलेली गाडी ही शौकिनाच्या बंद खोलीतल्या गाडीपेक्षा पुष्कळदा निरोगी निघते. आणि चौथी गोष्ट, गाडी ठरवण्याआधी मेस्त्री ठरवावा.

या मेस्त्रीपायीच गेल्या वर्षी मी एका पेचात सापडलो. महामार्गालगत नवे हॉटेल काढणाऱ्या एका गृहस्थांनी माझी गाडी पाहिली आणि सत्तर हजार रुपये देऊ केले. दारात चौथरा बांधून तिच्यावर ते तिला चढवणार होते, रात्री वरून दिवा सोडणार होते. सत्तर हजार ही शिक्षकाने लगेच नाही म्हणण्याजोगी रक्कम नव्हे. दुसरीकडे एका स्नेह्यांनी सुचवले, "विकू नका. गाडीला पन्नास वर्षे झाली. सरकारी 'व्हिंटेज' करून घ्या."

तेही मी नीट वाचून पाहिले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने यासाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा मोटार व्हिंटेज ठरू शकते. हा मान आपोआप मिळत नाही, अर्ज करून मागावा लागतो. नव्या नोंदणीला वीस हजार, फेरनोंदणीला पाच हजार. मुदत दहा वर्षे. येथवर सारे ठीक. पण पुढे अट आहे : अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शनाला न्यावी, जुन्या गाड्यांच्या फेरीला न्यावी, तेवढ्यापुरते पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यावी. शाळेत नेऊ नये.

नियम करणाऱ्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. आमच्या नव्या राजवाड्यावरची मेबॅक मोटार दसऱ्याला बाहेर पडते तेव्हा चौकात माणसे टाचा उंचावून पाहतात. राजाच्या गाडीने वर्षातून एकदा दर्शन द्यावे यातच तिची शोभा. तिच्या दिमतीला माणसे आहेत. दूधवाल्याच्या गाडीला दिमत कोणाची? तिला कामच सांभाळते. चौथऱ्यावर चढवा किंवा सन्मानाने घरी बसवा, सीले सुकायची ती सुकणारच.

तरीही सत्तर हजारांचा आकडा दोन-तीन रात्री डोक्यात होता. त्याचा निकाल लागला तो एका रविवारी, मेस्त्रींच्या दुकानात. मेस्त्रींच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि हात थोडा कापतो. पॉइंटमधली फट पूर्वी ते पत्ती न लावता नजरेने जुळवत. आता नजर पोचत नाही, कानाने जुळवतात. त्यांच्या मुलाने मोबाइलचे दुकान घातले आहे. हाताशी आहे तो आमच्याच शाळेतून दहावी होऊन आय.टी.आय.ला गेलेला एक मुलगा, फक्त रविवारी येतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांना कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. बिघाड शोधायला यंत्र जोडावे लागते आणि ते यंत्र पडद्यावर आकडा दाखवते. मुलगा ते शिकला आहे. पण इंजिनाच्या पोटात ठिणगी नेमकी केव्हा पडते, आणि का पडते, हे त्याने प्रथम पाहिले ते माझ्या राजदूतच्या उघड्या मॅग्नेटोत.

त्या रविवारी मेस्त्री स्टुलावर बसून राहिले आणि पाना त्याच्या हाती दिला. मुलाने फट जुळवली. किक मारली, गाडी सुरू झाली, पण मेस्त्रींनी मान हलवली. "जास्त झालं. ऐक की, दम लागल्यावानी करती." त्याने पुन्हा उघडले, पुन्हा जुळवले. पाचव्या वेळी मेस्त्रींनी डोळे मिटले, थोडा वेळ ऐकले, आणि काही न बोलता चहा सांगितला. त्यांच्याकडे शाबासकीची तीच पद्धत आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, हॉटेलवाल्याला द्यायची तर द्या, गाडी तुमची हाय. पर ह्यो पोरगा मग कशावर शिकणार?"

दुकानात आता राजदूत एकच येते, माझी. जावा एक येते, तीही सणासुदीला. मी सौ.ना सगळे सांगितले. त्यांनी जमाखर्चाची वही उघडली, जरा वेळ पाहिली आणि विचारले, "नोंदणीचे पैसे कधी भरायचे आहेत?" साध्या नोंदणीचे पैसे आम्ही पुढल्याच आठवड्यात भरले. पाच वर्षांची मुदत मिळाली. हॉटेलवाल्यांना नम्रपणे नकार कळवला. त्यांनी चौथऱ्यावर बैलगाडीचे चाक बसवले आहे आणि ते छान दिसते.

मुलगा अजूनही रविवारी येतो. परवा त्याने क्रँकची सीले एकट्याने बदलली. मेस्त्री बाजूला बसून वर्तमानपत्र वाचत होते, निदान वाचत असल्यासारखे दाखवत होते.

आता दिवाळीची सुट्टी आहे. शाळा बंद म्हणजे गाडीचे रोजचे बारा किलोमीटर बंद, आणि पेट्रोल तर टाकीत बसू द्यायचे नाही. तेव्हा सौ.नी यावर तोड काढली आहे. शाहूपुरी, राजारामपुरी, रंकाळ्याच्या पलीकडे माझी मावशी, सगळीकडच्या फराळाचे डबे बांधून तयार आहेत. एका दिवशी एकच पत्ता, म्हणजे गाडी रोज फिरेल. पहिला डबा मात्र उद्यमनगरात द्यायचा, असे त्यांनी बजावले आहे. चिवडा कमी तिखट आहे. मेस्त्रींना डॉक्टरांनी तिखट वर्ज्य केले आहे.